इंदुरात भाड्याचं घर घेताना दलाली: द्यायची का, किती, आणि नेमकी केव्हा

बहुतेकांचं चुकतं ते क्रमात. दलाली आधी हातावर ठेवतात आणि प्रश्न नंतर विचारतात. घर मिळालं नाही, मालक वेगळाच निघाला, भाडं दोन हजारांनी वाढलं, असं काही झालं की एजंट फोन उचलत नाही. मग ‘भाडेकरूनं दलाली द्यावीच का’ हा वाद घरी चहासोबत रंगतो. तो वाद घर शोधायला निघण्याआधी मिटवायचा असतो.

लंडनला मुलगा किंवा पुतण्या असला की त्याचा निरोप हमखास येतो, ‘काका, भाडेकरूकडून फी घेणं बेकायदा आहे.’ ते इंग्लंडमध्ये खरं आहे. तिथे १ जून २०१९ पासून एजंटांना भाडेकरूकडून अशी फी घेता येत नाही. आपल्याकडे तसा कायदा नाही. भाड्याच्या दलालीला सरकारी दरही नाही. २०१६ च्या रेरा कायद्यात (स्थावर मालमत्तेच्या व्यवहारांवर देखरेख ठेवणारा कायदा) एजंटाची व्याख्या विक्रीच्या व्यवहारापुरती आहे, त्यामुळे कार्डावर ‘रेरा रजिस्टर्ड’ छापलेलं असलं तरी भाड्याच्या सौद्यात त्याचा तुम्हाला फारसा उपयोग नाही. जे ठरेल ते तुमच्या आणि एजंटाच्या बोलण्यात ठरणार. म्हणून ते नीट ठरवायचं आणि लिहून ठेवायचं.

## १. आधी हे ठरवा: तो काम कोणाचं करतोय?

सगळ्या एजंटांना एकाच मापानं मोजू नका. पुढचे चार प्रकार वेगळे आहेत आणि चारींचं उत्तर वेगळं आहे.

तुम्ही सांगितलं म्हणून त्यानं शोधलं. ‘आई चढू शकत नाही, तळमजला हवा, गीता भवनच्या आसपास, पंधरा हजारांच्या आत, शाकाहारी कुटुंब.’ एवढं ऐकून त्यानं चार मालकांशी बोलून तीन घरं दाखवली, एका मालकाला तुमच्यासाठी राजीही केलं. ही मेहनत आहे. इथे दलाली द्या, घासाघीस बेतानं करा.

मालकानं घर त्याच्याकडे सोपवलंय. सुपर कॉरिडॉर, विजयनगर, स्कीम नंबर ७८ अशा भागांत हे फार. मालक पुण्याला किंवा बंगळुरूला, चावी एजंटाकडे. तो मालकाचं काम करतोय आणि बहुधा मालकाकडूनही घेतोय. विचारा, ‘मालकाकडून किती?’ खरं उत्तर मिळेलच असं नाही, पण प्रश्न विचारल्यावर दर खाली येतो. माझं मत असं की इथे भाडेकरूनं पूर्ण महिन्याच्या भाड्याइतकी दलाली देऊ नये. पंधरा दिवसांच्या वर तर नाहीच.

त्यानं फक्त नंबर पाठवला. नेटवरची जाहिरात तुम्हाला फॉरवर्ड केली, बाकी सगळं तुम्हीच बोललात. याला दलाली म्हणत नाहीत. फार तर ठरलेली छोटी रक्कम द्या, तीही घर ठरलं तर.

तो चौकीदार, मालकाचा भाचा किंवा आधीचा भाडेकरू आहे. इथे दलालीपेक्षा मोठा प्रश्न हा की त्याला घर भाड्यानं द्यायचा अधिकार आहे का. थेट टप्पा ५ वाचा.

⚠ आणि पाचवा प्रकार: ‘रजिस्ट्रेशन फी’, ‘व्हिजिट चार्ज’, ‘मेंबरशिप’. घर दाखवण्याआधीच पाचशे, हजार, दोन हजार. भंवरकुआँच्या बाजूला कोचिंगसाठी बुऱ्हाणपूर, खंडव्याहून आलेल्या मुलांना याचा चटका जास्त बसतो, कारण पालक एका दिवसासाठी आलेले असतात आणि संध्याकाळची गाडी पकडायची असते. अशी फी कधीही देऊ नका. ज्याला सौदा करून द्यायची खात्री असते, तो दाखवण्याचे पैसे मागत नाही.

## २. फोन करण्याआधीची तयारी

एक रविवार मोकळा काढा आणि हव्या त्या भागात पायी फिरा. लोकमान्यनगर, राजेंद्रनगर, सुदामानगर, रामबाग अशा जुन्या वस्त्यांत आजही गेटवर ‘टू-लेट’ची पाटी लागते आणि मालक खालच्याच मजल्यावर राहतो. किराणावाला, इस्त्रीवाला, दूधवाला यांना विचारा. मराठी मंडळींच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दोन ओळी टाका. या भागांत अशा ओळखीतून घर मिळालं तर दलालीचा प्रश्नच उरत नाही. आठवडाभर हे करून जमलं नाही, तर एजंटकडे जायला हरकत नाही. निदान भागातले दर तरी तुम्हाला कळलेले असतात.

जून-जुलैत कॉलेजं सुरू होतात तेव्हा एजंट ताठ असतात. घर बदलायची तारीख तुमच्या हातात असेल तर तो हंगाम टाळा.

मग हिशेब मांडा. समजा भाडं १४,००० रुपये, सोसायटीचा मेंटेनन्स १,५०० रुपये.

पंधरा दिवसांची दलाली ७,००० रुपये. अकरा महिन्यांवर पसरली तर महिन्याला साधारण ६३६ रुपये. पूर्ण महिन्याची १४,००० रुपये, म्हणजे महिन्याला सुमारे १,२७३ रुपये. आता तुलना करता येते: एजंटाशिवाय मिळणारं घर महिन्याला हजारानं महाग असेल तर पंधरा दिवसांची दलाली देऊन स्वस्त घर घेणं फायद्याचं. दोन्ही घरांचं भाडं सारखंच असेल तर दलाली हा निव्वळ खर्च. पण हा हिशेब तुम्ही अकरा महिने टिकलात तरच खरा. चार महिन्यांत बदली होण्याची शक्यता असेल तर भागाकार चारनं करा, आकडा डोळ्यांत भरेल.

कागदांची एक फाईल तयार ठेवा: आधार, पॅन, नोकरीचं किंवा कॉलेजचं ओळखपत्र, दोन फोटो, गावाकडचा पत्ता. आधारची प्रत देताना तिच्यावर ‘फक्त भाड्यासाठी’ असं लिहून तारीख टाका. एजंटाला फोटो काढू देऊ नका. घर ठरेपर्यंत त्याला तुमच्या आधारची गरज नाही.

## ३. पहिला फोन: पाच प्रश्न, मग एक मेसेज

घर बघायला जाण्याच्या आधी हे पाच विचारा.

१. दलाली किती दिवसांची? की ठरलेली रक्कम?
२. ती फक्त भाड्यावर, की मेंटेनन्स धरून? (वरच्या उदाहरणात १५,५०० धरले तर पंधरा दिवसांचे ७,७५० होतात. फरक तुमचा जातो.)
३. जीएसटी वेगळा की त्यातच?
४. त्यात किरायानामा (भाड्याचा करार) करून देणं आहे का? स्टॅम्प आणि नोटरीचा खर्च कोणाचा?
५. अकरा महिन्यांनी करार वाढवला तर पुन्हा काही मागणार का?

इंदुरात साधारण पंधरा दिवसांपासून एका महिन्याच्या भाड्यापर्यंत मागतात. पहिला आकडा हा मागण्याचा आकडा असतो, घेण्याचा नाही.

जीएसटीचं थोडं सविस्तर, कारण इथे बरेच जण गप्प बसून देतात. दलालीवर १८ टक्के जीएसटी लागतो, पण तो घेण्याचा हक्क नोंदणी असलेल्यालाच. सेवा देणाऱ्याला वर्षाच्या २० लाख रुपयांच्या उलाढालीपर्यंत सहसा नोंदणी लागत नाही. पाटी न लावलेला, दुचाकीवरून फिरणारा एजंट ‘प्लस जीएसटी’ म्हणाला तर त्याचा जीएसटी नंबर मागा. तो १५ अक्षर-अंकांचा असतो आणि मध्य प्रदेशचा असेल तर २३ नं सुरू होतो. जीएसटीच्या सरकारी पोर्टलवर टाकला की कोणाच्या नावावर आहे ते दिसतं. नंबर नाही, बिल नाही, तर जीएसटीही नाही. ७,००० वर १,२६० रुपये होतात, लहान रक्कम नाही.

बोलणं संपलं की लगेच व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज टाका. एजंट बहुधा हिंदीत बोलणारा असतो, म्हणून हिंदीतच:

‘भैया, जैसी फोन पर बात हुई, ब्रोकरेज पंद्रह दिन का किराया, सिर्फ किराए पर, जीएसटी सहित। किरायानामा साइन होने और चाबी मिलने के बाद दूँगा। सौदा नहीं हुआ तो कुछ नहीं। रिन्यूअल पर कुछ नहीं लगेगा। ठीक हो तो हाँ लिख दीजिए।’

‘हाँ’ आल्याशिवाय घर बघायला निघू नका. बहुतेक जण देतात. ‘अरे, मिलके बात करेंगे ना’ म्हणणाऱ्याला गोड बोलून सोडा.

तपासणी: मेसेजमध्ये रक्कम, कशावर, कधी, आणि सौदा न झाल्यास काय, हे चारही आहेत ना? भारतीय करार कायदा १८७२ चं कलम २१९ असं सांगतं की वेगळं ठरलेलं नसेल तर एजंटाचा मोबदला काम पूर्ण झाल्यावरच देय होतो. ‘वेगळं ठरलेलं नसेल तर’ यावरच सगळी मेख आहे. तुम्ही आगाऊ द्यायला कबूल झालात की हा आधार गेला.

## ४. घर बघताना

प्रत्येक घर बघून झालं की त्याच एजंटाला मेसेज करा: तारीख, पत्ता, मजला. हा कंटाळवाणा उद्योग पुढचं भांडण वाचवतो. इंदुरात एकच फ्लॅट चार एजंटांकडे असतो. तुम्ही तो एकाकडून पाहता, सौदा दुसरा करून देतो, आणि दोघंही दलाली मागायला उभे राहतात. रीत अशी की ज्यानं आधी दाखवलं त्याचा हक्क. म्हणून दुसरा एजंट आधी पाहिलेलंच घर दाखवायला लागला तर दारातच सांगा, ‘हे मी पाहिलंय.’

उलटंही करू नका. एजंटानं दाखवलेलं घर मागच्या दारानं मालकाशी बोलून घेणं काही जणांना हुशारी वाटते. तो मालकाकडे रोज येणारा माणूस असतो. शिवाय कबूल केलेले पैसे बुडवणं हे बुडवणंच.

पाण्याचं एजंटाला विचारू नका, शेजाऱ्याला विचारा. शहराच्या बऱ्याच भागांत नर्मदेचं पाणी एक दिवसाआड येतं. बोअर आहे का, एप्रिल-मेमध्ये तो आटतो का, टँकर मागवला तर पैसे कोणाचे? एजंटाचं उत्तर ‘पानी की कोई दिक्कत नहीं’ हेच असतं, मग ते घर कुठेही असो. नगर निगमचा कचरा शुल्क कोण भरणार तेही इथेच विचारून घ्या.

## ५. मालक खरा आहे ना?

या टप्प्यावर घाई केली तर दलालीच काय, डिपॉझिटही जातं. एजंट ‘मालिक बाहर हैं, मैं ही सब देखता हूँ’ म्हणाला तर ते खोटं असेलच असं नाही. पण तपासायचं.

लाइट बिल पाहा. पश्चिम क्षेत्र वीज कंपनीच्या बिलावर आयव्हीआरएस नंबर (जोडणीचा ग्राहक क्रमांक) आणि ग्राहकाचं नाव असतं. नगर निगमची संपत्तिकराची पावती पाहा. शक्य तर रजिस्ट्रीचं, म्हणजे नोंदणी झालेल्या खरेदीखताचं, पहिलं पान. तिन्हींवरचं नाव आणि मालकाच्या आधारवरचं नाव जुळायला हवं. लाइट बिल वारलेल्या वडिलांच्या नावावर असणं इंदुरात नेहमीचं आहे. तेवढ्यानं घाबरू नका, पण मग संपत्तिकराची पावती तरी जिवंत मालकाच्या नावाची हवी.

मालक परगावी असेल तर व्हिडिओ कॉल करा. एजंटाच्या फोनवरून नको, तुमच्या फोनवरून. कॉलवर भाडं, डिपॉझिट आणि मेंटेनन्स यांचे आकडे मालकाच्या तोंडून वदवून घ्या. मालकाला बारा हजार सांगून तुम्हाला चौदा सांगणारे असतात. करारावर मालकाच्या वतीनं दुसरं कोणी सही करणार असेल तर मुखत्यारपत्र मागा आणि त्यात भाड्यानं देण्याचा अधिकार लिहिलाय का ते वाचा.

⚠ फोनवरच घर दाखवून ‘मी फौजेत आहे, चावी कुरिअरनं पाठवतो, आधी क्यूआर स्कॅन करा’ म्हणणारा ठग असतो. पैसे घेण्यासाठी क्यूआर स्कॅन करावा लागत नाही. यूपीआयचा पिन टाकला की पैसे जातात, येत नाहीत. फसलात तर त्याच क्षणी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा. उशीर झाला की पैसे पुढच्या खात्यात सरकतात.

## ६. टोकन

टोकन, म्हणजे घर धरून ठेवायची आगाऊ रक्कम, मालकाच्या खात्यावर. एजंटाच्या खात्यावर नाही, रोख तर नाहीच. यूपीआयवर पैसे पाठवण्याआधी जे नाव दिसतं ते टप्पा ५ मधल्या नावाशी जुळवा. रक्कम छोटी ठेवा, हजार-दोन हजार पुरे. टिपणीत लिहा: ‘अमुक फ्लॅटचं टोकन, डिपॉझिटमध्ये वळते होणार.’ आणि मालकाला मेसेज करा की त्याच्याकडून नकार आला तर ते परत मिळेल.

‘अभी दूसरी पार्टी आ रही है’ हे वाक्य ऐकू येईलच. येऊ द्या दुसरी पार्टी.

इथे होणारी नेहमीची चूक: टोकन देतानाच एजंट ‘आधा ब्रोकरेज अभी कर दो’ म्हणतो आणि लोक भिडेखातर देतात. टप्पा ३ चा मेसेज उघडून दाखवा. भांडायची गरज नाही, नुसता दाखवायचा.

## ७. किरायानामा

अकरा महिन्यांचा करार का करतात ते माहीत असू द्या. एक वर्षाहून जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी १९०८ च्या नोंदणी कायद्याच्या कलम १७ नुसार सक्तीची आहे. ती टाळायला अकरा महिने. ई-स्टॅम्पवर छापून नोटरी करतात. स्टॅम्पचा दर विचारून घ्या आणि ई-स्टॅम्पवरची रक्कम स्वतः पाहा. खऱ्या खर्चाच्या कितीतरी पट लावणारेही याच धंद्यात आहेत.

कच्चा मसुदा एक दिवस आधी मागा आणि घरी वाचा. दलालीच्या दृष्टीनं दोन जागा बघायच्या. पहिली, नूतनीकरणाचं कलम: त्यात एजंटाचं नाव किंवा ‘ब्रोकरेज’ शब्द आलाय का? आला असेल तर काढायला लावा. दुसरी, लॉक-इन (ज्या मुदतीत करार मोडायचा नाही ती): सहा महिन्यांच्या आत मालकानं घर रिकामं करायला लावलं तर दलालीचं काय? एजंट दलाली परत करणार नाही, पण मालकाकडून तेवढी भरपाई मिळेल असं एक वाक्य घालता येतं. मालक समंजस असेल तर मान्य करतो.

डिपॉझिटबद्दल एक गैरसमज फिरतो की दोन महिन्यांच्या भाड्याहून जास्त घेताच येत नाही. ती मर्यादा केंद्राच्या २०२१ च्या मॉडेल टेनन्सी अ‍ॅक्टमध्ये आहे. तो नमुना आहे, राज्यानं स्वतःचा कायदा केल्याशिवाय लागू होत नाही. त्याचा हवाला देऊन बोलणी करा, धमकी देऊ नका.

पोलीस पडताळणी राहू देऊ नका. भाडेकरूची माहिती ठाण्यात देण्याची जबाबदारी मालकाची असते आणि पोलीस आयुक्तालयाच्या आदेशांकडे दुर्लक्ष करणं मालकालाच महागात पडतं. एजंट ‘वेरिफिकेशन के अलग से’ म्हणून पैसे मागतो. आधी ठाण्यात स्वतः विचारा.

## ८. दलाली द्यायची ती आता, या क्रमानं

१. करारावर दोघांच्या सह्या आणि साक्षीदार.
२. उरलेलं डिपॉझिट व पहिलं भाडं मालकाच्या खात्यावर.
३. चावी हातात. दार स्वतः उघडून बघा, मीटरच्या रीडिंगचा फोटो, नळ, गीझर, पंखे, भिंती यांचा व्हिडिओ.
४. मग दलाली. यूपीआय किंवा बँकेतून, टिपणीत ‘ब्रोकरेज, अमुक पत्ता, पूर्ण’.
५. पावती. नोंदणीवाला असेल तर बिल, नसेल तर सहीचा कागद किंवा निदान मेसेज: ‘पूरा ब्रोकरेज मिल गया, कुछ बाकी नहीं।’

दुसऱ्या आणि चौथ्या पायरीची अदलाबदल हीच सगळ्यात जास्त होते. एजंट करारासाठी आलेला असतो, घाईत असतो, ‘मैं निकलता हूँ, मेरा कर दो’ म्हणतो. चावी मिळेपर्यंत त्याला बसवून ठेवा. त्याचे पैसे अडकलेले असले की गीझर दुरुस्त करून घ्यायला तोच मालकाच्या मागे लागतो.

सगळं ठरल्याप्रमाणे झालं असेल तर दलालीही ठरल्याप्रमाणे द्या, त्याच दिवशी. शेवटच्या क्षणी हजार कापणं बरोबर नाही.

## ९. बिनसलं तर

एजंटानं पैसे घेतले आणि घर दिलं नाही, तर आधी लेखी मागणी करा: रक्कम, तारीख, परत करण्यासाठी सात दिवस. उत्तर नाही आलं तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. त्यानंही हललं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. पैसे घेऊन सेवा न देणं ही सेवेतली त्रुटी ठरते, मोबदला ५ लाखांपर्यंत असेल तर तक्रारीची फी लागत नाही, आणि मुदत दोन वर्षांची आहे. वकील केलाच पाहिजे असंही नाही. तुमच्याकडे टप्पा ३ चा मेसेज, यूपीआयची नोंद आणि फोनचा इतिहास एवढं असलं तरी पुरतं. रोख दिलं असेल आणि लिहिलेलं काही नसेल तर प्रकरण अवघड होतं.

मालकच खोटा निघाला तर ती ग्राहक तक्रार नाही, फसवणूक आहे. थेट ठाण्यात जा.

## १०. अकरा महिन्यांनी येणारा फोन

‘सर, एग्रीमेंट खत्म हो रहा है, रिन्यूअल का आधा ब्रोकरेज लगेगा.’ का लागेल? घर तुम्ही आधीच घेतलेलं आहे, मालक तुम्हाला ओळखतो, नवीन काम काही झालेलं नाही. एजंट नवा करार टाइप करून, स्टॅम्प आणून, नोटरी करून देणार असेल तर त्या कामाची मजुरी द्या, भाड्याच्या दिवसांत मोजलेली दलाली नाही.

हा फोन येण्याआधी, दहाव्या महिन्यात, मालकाशी थेट बोला. वाढ किती ते ठरवा आणि मेसेजवर घ्या. भाड्याच्या कराराचा जुना मसुदा तुमच्याकडे आहेच. तारखा आणि रक्कम बदलून तोच नव्या स्टॅम्पवर छापायचा, सह्या करायच्या आणि नव्या कराराची प्रत मालकाला ठाण्यात द्यायला सांगायची.